नाशिकमध्ये जपानी जेवायला जाताय? आधी चौघं जमवा

आमच्या ग्रुपमध्ये बाहेर जेवायचं ठरलं की "मिसळ की पंजाबी?" एवढाच प्रश्न असायचा. आता त्यात "सुशी खाऊया का रे?" हा तिसरा आवाज निघायला लागलाय. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या ज्या हॉटेलांत आधी फक्त चायनीज मिळायचं, त्यांच्या मेनूला सुशी, रामेन, काट्सू अशी दोन-चार पानं जोडली गेलीत. दर फार चढे नाहीत, त्यामुळे उत्सुकता म्हणून लोक जातात. आणि पहिल्यांदा गेलेले बरेच जण अर्धपोटी बाहेर येतात, वर बिल बघून गप्प होतात.

त्याचं कारण जपानी जेवण नाही. आपण ऑर्डर पंजाबी हॉटेलातल्यासारखी देतो, तिथे गडबड होते. पंजाबीत दोन भाज्या, एक दाल, मग रोट्या लागतील तशा. ऐन वेळी दोन माणसं वाढली तरी रोटी सांभाळून घेते. जपानी मेनूत रोटी नावाचा हा भरवशाचा गडी नाही. सगळं मोजून येतं: आठ तुकडे, सहा गोळे, एक वाडगा. म्हणून ऑर्डरही मोजून द्यावी लागते. बाकी सगळं जमतं हळूहळू.

माणसं किती आणि वार कोणता

चार माणसं. हा आकडा मी पाच-सहा फेऱ्यांनंतर पक्का केलाय. सुशीचा रोल बहुतेक ठिकाणी आठ तुकड्यांचा असतो, कुठे सहाचा. आठाला चारने भाग जातो आणि कुणी कुणाकडे बघत बसत नाही. पाच जण असाल तर प्रत्येक प्लेटला भांडण आहे असं समजून चला. सहा-सात जण असाल तर सरळ दोन टेबलं समजा आणि सगळं दुप्पट मागवा. दोघंच असाल तर मात्र तीन पदार्थांतच पोट आणि बजेट दोन्ही संपतात, फारसं काही चाखून होत नाही.

वार ठरवताना आधी ग्रुपवर विचारून घ्या. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. मध्येच चतुर्थी येते आणि श्रावणात तर विषयच नको. उपासाच्या माणसाला जपानी हॉटेलात नेऊन काकडीचे काप खायला लावणं हे पाप आहे. (साबुदाणा खिचडी तिथे मिळत नाही, मी विचारलेलं आहे.) शनिवारी-रविवारी रात्री त्या भागात गाडी लावायलाच वीस मिनिटं जातात, म्हणून आम्ही शुक्रवारी सातच्या सुमाराला जातो. टेबल लगेच मिळतं, किचनवर ताण नसतो आणि वेटरला चार प्रश्न विचारले तरी तो वैतागत नाही. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पुढे येतातच.

मेनू वाचायचा कसा

जपानी मेनूत नावं खूप दिसतात, पण प्रकार पाच-सहाच आहेत.

सुशी म्हणजे कच्चा मासा, ही पहिली समजूत काढून टाका. सुशीची ओळख तिच्या भातात आहे. चिकट भातात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ मिसळून थोडा आंबटगोड केलेला तो भात. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप आले तर ते साशिमी. भाताचा चिकटपणा कसा असतो विचाराल तर आपला इंद्रायणी डोळ्यांसमोर आणा. इगतपुरीकडच्या घरांत जो मऊ, शितं एकमेकांना धरून बसणारा भात होतो, त्याच्या जवळपासचं काहीतरी. भात आणि सारण समुद्री शेवाळाच्या काळ्या पापुद्र्यात, म्हणजे नोरीत, गुंडाळून कापलं की माकी. हाताने दाबलेल्या भाताच्या लांबट गोळ्यावर माशाचा काप ठेवला की निगिरी. निगिरी सहसा दोनच्या जोडीत येते, म्हणजे चौघांच्या टेबलाला अडचणीची आणि वर महाग. पहिल्या भेटीत सोडून द्या.

तेम्पुरा ही भजी आहे, पण डाळीच्या पिठाची नाही. गव्हाच्या पिठाचं थंडगार पाण्यातलं पातळ मिश्रण, फार न ढवळता, त्यात भाजी किंवा कोळंबी बुडवून तळायची. कवच इतकं हलकं होतं की आतलं गाजर दिसतं. ही कला जपानात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर पोचली असं मानतात. आपला पावही त्यांचाच. जपानी भाषेतसुद्धा पावाला 'पान' म्हणतात, शब्द तोच. त्यामुळे तेम्पुरा आणि वडापाव हे लांबचे नातेवाईक आहेत असं मी टेबलावर दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणी ऐकत नाही.

ग्योझा म्हणजे एका बाजूने तव्यावर खरपूस केलेले, मग वाफवलेले मोमो. आकार करंजीचा. हे बहुतेकांना पहिल्या घासात आवडतात.

रामेन म्हणजे रश्शातल्या नूडल्स. या नूडल्सच्या पिठात क्षारयुक्त पाणी घालतात, आपण पापडात पापडखार घालतो त्याच जातीचं. त्याने पिवळसर रंग येतो आणि चावताना तो ताण जाणवतो. उदोन जाड आणि मऊ असतात, सोबा कुट्टूच्या पिठाच्या. याकिसोबा मात्र नावात सोबा असूनही गव्हाच्या नूडल्स असतात, परतलेल्या. चायनीज हाका नूडल्सवर वाढलेल्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं.

आणि काट्सू करी. पहिल्यांदा जाणाऱ्या चौघांनी ही एक प्लेट मागवलीच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला चिकनचा तुकडा (शाकाहारात टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, किंवा रताळं), बाजूला भात आणि वर दाट, किंचित गोडसर करी. 'काट्सू' हा शब्द मुळात कटलेटचा जपानी उच्चार तोडून झालेला आहे. करी तिकडे गेली इंग्रजांमार्फत, मेइजी काळात (१८६८ ते १९१२). म्हणून ती पिठाने दाट केलेली, तिखटपणाला बिचकणारी. पण एक धागा थेट आपल्याकडचा आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन जपानला पोचले, तेव्हा तोक्योच्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया नावाच्या बेकरीच्या मालकांनी त्यांना लपवलं. पुढे त्याच घरातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि १९२७ मध्ये नाकामुरायाने उपाहारगृह काढलं तेव्हा बोस यांच्या पद्धतीची भारतीय करी त्याच्या मेनूत आली. आजही ती तिथे मिळते. हॉटेलात समोर येते ती इंग्रजी वळणाचीच, पण पोट भरण्याचं काम तीच करते. रोटीची जागा घेणारं या मेनूत दुसरं काही नाही.

ऑर्डर दोन हप्त्यांत द्या

हे मी ठेच लागून शिकले. पहिल्यांदा आम्ही पाच जण गेलो होतो आणि प्रत्येकाने ऐटीत आपापलं रामेन मागवलं. किचन लहान. पहिला वाडगा आला तो माझ्या समोर. आता आपल्याकडची रीत अशी की सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. मी थांबले. दुसरा वाडगा सात-आठ मिनिटांनी आला, तोही मित्र थांबला. पाचवा येईपर्यंत माझ्या वाडग्यातला रस्सा निम्मा झाला होता. तो नूडल्सनी पिऊन टाकला होता. चॉपस्टिकने उचलायला गेले तर नूडल तुटून परत खाली. उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या फोडीवर तुपासारखी साय धरली होती. चवीचं म्हणाल तर आजारी माणसाच्या शेवयांची खीर, फक्त खारट.

तेव्हा दोन नियम केले. रामेन टेबलावर एकच मागवायचं आणि ते आलं की ज्याच्या समोर येईल त्याने सुरू करायचं. वाटून खायचं असेल तर चार रिकाम्या वाट्या आधीच मागून ठेवायच्या. मिसळीसारखी रश्श्याची दुसरी वाटी मात्र मागू नका. तर्री वाढून मागायची आपल्याला इतकी सवय आहे की तोंडातून निघतंच. तिथे रस्सा हाच तासन्‌तास उकळून केलेला मुख्य माल असतो, तो फुकट मिळत नाही.

ऑर्डरचा क्रम असा ठेवा. पहिल्या हप्त्यात एक तेम्पुरा, एक ग्योझा, एक साधा रोल. रोल निवडताना काकडीचा किंवा अ‍ॅव्होकाडोचा घ्या. नावापुढे ड्रॅगन, व्होल्केनो वगैरे लिहिलं असेल तर समजायचं की वर मेयोनीज आणि सॉस ओतलेला आहे आणि त्याचे शंभर रुपये जास्त आहेत. ते चाखून झालं, कुणाला काय झेपतंय ते कळलं, की दुसरा हप्ता: एक काट्सू करी, एक रामेन, एक याकिसोबा. नवशिक्यांच्या टेबलाला एवढं पुरतं. कुणी सुशी एका तुकड्यावर सोडली तर दुसऱ्या हप्त्यात रोल वाढवू नका, भात वाढवा.

सहा ग्योझा चौघांत म्हणजे दीड-दीड. शेवटचा एक राहतो, आणि "तू घे", "नको, तूच घे" सुरू होतं. जपानात ओसाकाकडच्या लोकांनी प्लेटमधल्या या उरलेल्या शेवटच्या तुकड्याला चक्क नाव दिलंय, 'एन्र्यो नो कातामारी'. मराठीत म्हणायचं तर संकोचाचा गोळा. हे कळल्यापासून आमच्याकडे तो गोळा टिकत नाही. ज्याला नाव आठवेल तो उचलतो.

कच्चा मासा खायचा का

स्वस्तातल्या हॉटेलात, पहिल्याच भेटीत, नको. नाशिकला समुद्र नाही, मासा मुंबईहून कसारा घाट चढून येतो, आणि सुशीचा सामन (सॅल्मन मासा) तर परदेशातूनच गोठवून आणलेला असतो. गोठवणं वाईट नाही. उलट कच्च्या माशातले परजीवी मारायला तो उणे २० अंशांवर सात दिवस ठेवतात, ती सुरक्षेचीच पद्धत आहे. प्रश्न त्यानंतरचा. वितळवल्यावर तो किती वेळ फ्रिजमध्ये बसला, दिवसाला किती प्लेटा खपतात, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. ज्या टेबलांवर सगळे नूडल्सच खातायत, तिथे कच्चा मासा मागवू नये एवढं साधं गणित आहे. शिजलेली कोळंबी, तेम्पुरा घातलेले रोल, धुरी दिलेला सामन यांवर भागवा. क्रॅब स्टिक म्हणून जे येतं त्यात बहुतेक वेळा खेकडा नसतो. पांढऱ्या माशाचा लगदा रंगवून केलेल्या त्या कांड्या असतात आणि त्या आधीच शिजलेल्या असतात. गर्भवती मैत्रीण बरोबर असेल तर कच्चं तिच्यासाठी बादच.

शाकाहारी मित्र असेल तर

ग्रुपमध्ये एक तरी असतोच, म्हणून वेटरला विचारायचे प्रश्न इथे देते. मेनूतल्या हिरव्या ठिपक्यावर बहुतेक वेळा विसंबता येतं, तरी तोंडाने विचारलेलं बरं.

सगळ्यात आधी मिसो सूप. नुसतं सोयाबीनचं सूप वाटतं, पण त्याचं मूळ पाणी म्हणजे दाशी, आणि दाशी पारंपरिक पद्धतीने कोंबू नावाचं शेवाळ आणि सुकवलेल्या माशाच्या किसापासून करतात. कोकणातली सुकट आठवा, तशी त्यामागची कल्पना. शेवाळातली ती वेगळी चव कशामुळे येते ते किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये शोधलं आणि तिला 'उमामी' नाव दिलं. नुसत्या कोंबूची दाशीही होते, ती पूर्ण शाकाहारी. तेव्हा "सूपमध्ये मासा आहे का?" असं न विचारता "सूपचं पाणी कशाचं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर "नाही मॅडम" असंच येतं, कारण तुकडे नसतातच.

मग रामेनचा रस्सा, तिथेही हाच प्रश्न. भाजी वर आणि खाली चिकनचा रस्सा असं होऊ शकतं. मेयोनीज अंड्याचं की बिनअंड्याचं. तेम्पुऱ्याचं तेल कोळंबीचं तेच का. आणि सुशी मिश्र ताटात न मागवता शाकाहारी रोल वेगळ्या प्लेटमध्ये. जैन मित्र असेल तर हॉटेलला फोन करूनच निघा. एदामामे म्हणजे मीठ लावलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा मात्र सगळ्यांना चालतात. दाणे काढून खायचे, साल टाकायचं. आमच्यातल्या एकाने मटारच्या कोवळ्या शेंगेसारखी ती सालासकट चावत अर्धी प्लेट संपवली आणि "जरा वातड आहे" असं मत दिलं.

दारू अजिबात न घेणाऱ्यांनी तेरियाकी या गोडसर सोया सॉसबद्दल विचारावं. त्यात मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू असू शकते. सोया सॉस गव्हापासूनही होतो, गव्हाचं पथ्य असलेल्यांनी ते लक्षात ठेवावं.

हात, काड्या आणि नाकातल्या झिणझिण्या

चॉपस्टिक जमत नसतील तर सुशी हाताने खा. ही सवलत नाही, निगिरी-माकी हाताने खाणं जपानात रीतीतच बसतं. तुकडा एका घासात घ्यायचा. दातांनी अर्धा तोडायला गेलात तर भात सांडणार. सोया सॉस वाटीत चमचाभरच ओता आणि माशाची किंवा सारणाची बाजू बुडवा. भाताची बाजू बुडवली की ती स्पंजासारखी सॉस ओढते आणि तुकडा वाटीतच फुटतो.

रामेन काट्याने खाल्लं तरी कुणी हसत नाही. आवाज करायला हरकत नाही, जपानात नूडल्स भुरके मारतच खातात. कढीचा भुरका मारल्यावर ज्यांनी लहानपणी आजीचं बोलणं खाल्लंय त्यांनी इथे वसूल करून घ्यावं.

काड्यांचे दोन संकेत मात्र पाळा. भाताच्या वाडग्यात त्या उभ्या रोवून ठेवू नका, आणि आपल्या काड्यांनी दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. जपानात मृतासमोर ठेवलेल्या भातात काड्या अशा उभ्या रोवतात, आणि दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनी उचलून एकमेकांच्या काड्यांकडे देतात. रामकुंडावर अस्थी आणि पिंड घेऊन आलेली माणसं रोज बघणाऱ्या नाशिककराला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. घास द्यायचाच असेल तर समोरच्याच्या प्लेटमध्ये ठेवा.

प्लेटच्या कोपऱ्यात हिरवा गोळा दिसेल, तो वासाबी. आपल्याकडे मिळतो तो बहुधा हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचा असतो. खरं वासाबी महाग. तिखटपणा मिरचीचा नाही, मोहरीचा आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना भांड्यात डोकावलं की डोळ्यांत पाणी येतं, अगदी तेच. म्हणून तो जिभेवर न बसता नाकात चढतो आणि अर्ध्या मिनिटात उतरतो. डाळीच्या दाण्याएवढा घ्या. चढलाच तर पाणी पिऊन फार उपयोग नाही, तोंड उघडून श्वास सोडा. शेजारचे गुलाबी किंवा पिवळसर काप आल्याचे, गोड व्हिनेगरमध्ये मुरवलेले. ते सुशीवर ठेवायचे नसतात. एक प्रकार संपवून दुसरा सुरू करण्याआधी तोंड साफ करायला मध्ये खायचे असतात.

बिल

आमच्या मागच्या चौघांच्या जेवणाचा हिशोब देते, म्हणजे अंदाज येईल. व्हेज तेम्पुरा २९०, अ‍ॅव्होकाडो-काकडी रोल ३४०, ग्योझा २८०, चिकन काट्सू करी ३९०, रामेन ३८०, याकिसोबा ३३०. एकूण २०१०, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून २११० रुपये आणि वर पन्नास पैसे. माणशी सव्वापाचशेच्या थोडं वर. पाणी साधंच मागितलं. बसल्या बसल्या वेटर बाटली उघडायला लागतो, त्याआधी "साधं पाणी द्या" म्हणायचं. ग्रीन टी जपानात पुष्कळ ठिकाणी जेवणाबरोबर फुकट येतो. इथे मेनूत त्याची किंमत असते.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढून मागता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे हॉटेलने तो आपणहून बिलात टाकायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे सांगितलं की बहुतेक मॅनेजर बिल बदलून देतात. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वेटरने चार प्रश्नांना नीट उत्तरं दिली असतील तर टीप मात्र त्याच्या हातात द्या.

वाटणी टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. जपानातही मित्रांत बिल सारखं वाटून घेण्याची पद्धत आहे, 'वारिकान' म्हणतात. फक्त एक खबरदारी: चौघांत एक जण फक्त एदामामे आणि भात खाऊन उठला असेल तर त्याच्याकडून सव्वापाचशे घेऊ नका. आम्ही एकदा घेतले होते, अजून ऐकतोय.

उरलेलं पार्सल बांधताना काट्सू करीचा भात बिनधास्त न्या, दुसऱ्या दिवशी गरम करून चांगला लागतो. सुशी नेऊ नका. फ्रिजमध्ये तिचा भात खडा होतो, नोरी ओल्या कागदासारखी चिवट होते. दोन तुकडे उरले असतील तर तिथेच कुणाला तरी भरवा.